‘सुमारे’ला गुण द्या

आलेख कागदावर आडव्या अक्षाचे प्रमाण 1 सेमी = 10 सेकंद घेतले की एक मिलिमीटरचा बारीक चौकोन एका सेकंदाचा होतो. पेन्सिलीला कितीही टोक काढले तरी रेघेची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहतेच. म्हणजे या आलेखावरून वाचलेली कोणतीही वेळ अर्धा सेकंद अलीकडे किंवा पलीकडे असू शकते. आता समजा, उत्तरसूचीत 37 सेकंद छापले आहे. एकाने 36.5 लिहिले, त्याचा गुण गेला. दुसऱ्याने 37.00 लिहिले, त्याला पूर्ण गुण. खरे तर दोघांनी सारखेच नीट पाहिले, आणि दुसऱ्याने तर कागदावर नसलेली अचूकता वर चिकटवून दिली. तिसऱ्या कुणी ‘सुमारे 37, अर्धा सेकंद कमी-जास्त’ असे लिहिले, तर तपासनीस त्या ‘सुमारे’कडे संशयाने पाहतो. याला उत्तर येत नसावे, म्हणून मोघम लिहिले असावे!

आमचे म्हणणे या ‘सुमारे’बद्दल आहे. आलेखावरून काढलेली किंमत कितपत पक्की आहे, आणि आलेखामागे धरलेले प्रतिमान, म्हणजे गोष्ट कशी बदलते याचा मानलेला नियम, कुठपर्यंत चालते, हे सांगता येणे हा गणिताचाच भाग आहे. परीक्षेत त्याला गुण नाहीत, म्हणून वर्गात त्याला वेळ नाही. आलेख काढणे, बिंदू स्थापन करणे, छेदनबिंदूचे निर्देशक लिहिणे या हातकामालाच सगळे गुण जातात. त्यातून शिकून बाहेर पडलेला माणूस वर्तमानपत्रातला आलेख पाहतो तेव्हा त्याला रेघ वर गेली की खाली आली एवढेच कळते.

आधी वाचनाचे पाहू, कारण तिथल्या चुका साध्या असतात आणि तरी वर्षानुवर्षे होतात. पहिली चूक प्रमाण निवडताना होते. मोठ्यात मोठी किंमत कागदात बसवायची म्हणून 1 सेमी = 3 एकक असे प्रमाण घेतले जाते. मग एक मिलिमीटर 0.3 एककाचा होतो आणि प्रत्येक बिंदूला मनातल्या मनात तिनाचा पाढा म्हणावा लागतो. 7.4 कुठे मांडायचे? 24 मिमी आणि 25 मिमी यांच्यामध्ये, पण नेमके कुठे, ते सांगायला गणकयंत्र लागेल. म्हणून प्रमाण 1, 2, 5 आणि त्यांच्या दहापटींतच ठेवावे, आलेख थोडा लहान झाला तरी चालेल. इतके साधे कारण असूनही बहुतेक ठिकाणी ते फक्त ‘योग्य प्रमाण घ्या’ या तीन शब्दांत उरकले जाते.

दुसरी चूक चढ काढताना. रेषेवरचे दोन जवळचे, सोयीचे बिंदू घेतले जातात. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मिलिमीटर चूक धरली तर वाईटात वाईट एक मिलिमीटरचा फरक पडतो. बिंदूंमधली उंची 20 मिमी असेल तर चढात 5 टक्के चूक आली. तीच उंची 100 मिमी घेतली तर 1 टक्का. मोजणारा तोच, कागद तोच, पट्टीही तीच. शिवाय हे बिंदू काढलेल्या रेषेवरचे हवेत, तक्त्यातले नव्हेत. रेषा सगळ्या निरीक्षणांची सरासरी सांगते. तक्त्यातले दोनच बिंदू उचलले तर बाकीची निरीक्षणे घेतली कशाला? आणि कोनमापकाने कोन मोजून त्याचे ‘टॅन’ काढणारेही निघतात. आडवा 1 सेमी म्हणजे 2 सेकंद आणि उभा 1 सेमी म्हणजे 5 मीटर असेल, तर कागदावर 45 अंशांत दिसणाऱ्या रेषेचा चढ 1 नसून 2.5 मीटर प्रतिसेकंद असतो. कागदावरच्या कोनाला स्वतःचे एकक नसते, ते अक्षांकडून येते. वेग-काल आलेखाखालच्या क्षेत्रफळाचे हेच. तिथे उत्तर ‘24 चौसेमी’ असे लिहिले जाते आणि लिहिणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, कारण प्रश्नाने त्याला ते क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर आहे हे स्वतःच्या शब्दांत कधी सांगायलाच लावलेले नसते.

सगळ्यात कमी शिकवली जाते ती उलटी वाट: उभ्या अक्षावरची किंमत दिली असता आडवी शोधणे. निवत जाणाऱ्या पाण्याचा आलेख घ्या. खोलीचे तापमान 25 अंश सेल्सिअस, पाणी सुरुवातीला 90 अंश, दहा मिनिटांनी 70. खोलीपेक्षा पाणी जितके जास्त गरम, तितके ते झपाट्याने निवते, हा न्यूटनचा नियम. 1701 साली त्याने तो निनावी लेखात मांडला. फरक 65 वरून 45 वर आला, म्हणजे दर दहा मिनिटांनी तो साधारण 0.69 पट होतो. त्या हिशेबाने 20 मिनिटांनी 56 अंश, 30 मिनिटांनी 47, 40 मिनिटांनी 40, आणि तासाभराने 32. आता विचारले, ‘85 अंश केव्हा होते?’ तिथे वक्र मिनिटाला दोन अंशांहून अधिक वेगाने उतरतो आहे, त्यामुळे तापमान वाचण्यातली अर्ध्या अंशाची चूक वेळेत फार तर पंधरा सेकंदांची होते. पण ‘32 अंश केव्हा होईल?’ असे विचारले तर वक्र जवळजवळ आडवा झालेला असतो, मिनिटाला जेमतेम पाव अंश. तीच अर्ध्या अंशाची चूक तिथे दोन मिनिटांची होते. एकाच आलेखावरची दोन उत्तरे, पण एकाचा भरवसा दुसऱ्याच्या आठपट. हे ज्याला सांगता येते त्याला आलेख वाचता येतो, असे आम्ही म्हणू. दोन्ही उत्तरांना एकच गुण आणि एकच छापील किंमत ठेवणाऱ्या प्रश्नपत्रिकेला हा फरक दिसतच नाही.

आलेख हे चित्र नव्हे, हे वाक्य शिक्षकांच्या तोंडी असते. पण ते पटवायला प्रश्न तसे लागतात. सायकलस्वार टेकडी चढून उतरला, त्याच्या वेगाचा आलेख काढा म्हटले की बरीच मुले टेकडीच काढतात. खरा आलेख नेमका उलटा: चढावर वेग पडतो, उतारावर वाढतो. ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत एक प्रश्न होता: 3 किलोमीटरच्या सपाट धावपट्टीवर शर्यतीची गाडी दुसरा फेरा मारते आहे, आलेखात अंतरागणिक तिचा वेग दाखवला आहे. वेग कुठे सर्वात कमी, अमुक अंतरावर वेग वाढतो की घटतो, एवढे विचारून झाल्यावर शेवटी पाच धावपट्ट्यांची चित्रे दिली होती: हा आलेख यांतल्या कोणत्या धावपट्टीचा? उत्तरासाठी आलेखात वेग किती ठिकाणी पडतो ते मोजायचे, प्रत्येक खळगा म्हणजे एक वळण, खोल खळगा म्हणजे तीव्र वळण. आकडेमोड शून्य, आणि तरी पाठांतराने न सुटणारा प्रश्न.

असाच दुसरा प्रश्न भांडे भरण्याचा. शंकूच्या आकाराचे भांडे, टोक खाली, पाणी एकसारख्या धारेने पडते आहे. पाण्याची उंची आणि वेळ यांचा आलेख कसा दिसेल? सुरुवातीला उंची भर्रकन वाढते, मग भांडे रुंदावते तसा वक्र लोळायला लागतो. घनफळ उंचीच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणून भांडे 8 मिनिटांत भरणार असेल तर अर्ध्या उंचीपर्यंत पाणी पहिल्या एकाच मिनिटात चढते. उरलेली अर्धी उंची सात मिनिटे घेते. हा आकडा आधी अंदाजाने सांगायला लावावा. बहुतेक जण चार म्हणतात, सावध असतील ते दोन-तीन.

हा ‘चार’च आपल्याला प्रतिमानाच्या प्रश्नाकडे नेतो. प्रत्येक गोष्ट सरळ रेषेत चालते हे आपले न बोललेले गृहीतक असते, आणि पाठ्यपुस्तक त्याला खतपाणी घालते. त्रैराशिक, सम चलन, रेषीय समीकरण, सगळीकडे सरळ रेषा. तळाशी भोक असलेल्या टाकीचे पाहा. पाणी 100 सेंमी उंच आहे. पहिल्या पाच मिनिटांत पातळी सुमारे 56 सेंमीवर आली. टाकी केव्हा रिकामी होईल? सरळ रेषेच्या हिशेबाने साडेअकरा मिनिटांच्या आत. प्रत्यक्षात 20 मिनिटे लागतात. पाण्याची उंची घटते तसा भोकातून येणाऱ्या धारेचा वेगही घटतो, उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. टॉरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने हे 1644 साली मांडले. त्यामुळे निम्मा वेळ, म्हणजे दहा मिनिटे, झाल्यावर पातळी निम्मी, म्हणजे 50, नसते, 25 असते, आणि पंधरा मिनिटांनी सव्वासहा. पहिल्या दोन-तीन मिनिटांचीच निरीक्षणे असतील तर सरळ रेषा त्यांवर छान बसते, आणि खोड तिथेच आहे: बिंदूंवर रेषा बसली म्हणून ती बिंदूंच्या पलीकडेही खरी, असे कोणी सांगितले?

अशा रेषा मोठे लोकही ओढतात. 2004 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक छोटे टिपण आले. ऑलिम्पिकमधल्या 100 मीटर शर्यतीच्या विजेत्यांच्या वेळा वर्षांसमोर मांडून पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी एक अशा दोन सरळ रेषा काढल्या होत्या. स्त्रियांची रेषा जास्त उतरती, त्यामुळे त्या 2156 साली छेदतात: स्त्री विजेती 8.079 सेकंद, पुरुष विजेता 8.098 सेकंद. दीडशे वर्षांनंतरच्या शर्यतीचा निकाल, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत! त्यावर आलेल्या एका पत्राने तीच रेषा आणखी पुढे नेली आणि 2636 च्या सुमारास शर्यत शून्य सेकंदांहून कमी वेळात संपेल हे दाखवून दिले. रेषा काढण्यात कुठेही गणिती चूक नव्हती. एकसामयिक समीकरणे आलेखाने सोडवा, या प्रश्नाचे ते पैकीच्या पैकी उत्तर होते.

निवणाऱ्या पाण्याचेही तसेच. पहिल्या दहा मिनिटांत 20 अंश उतरले म्हणून सरळ रेषा धरली तर चाळीस मिनिटांनी पाणी 10 अंशांवर, खोलीपेक्षा थंड. न्यूटनचा वक्र यापेक्षा कितीतरी चांगला. तो 25 अंशांखाली जातच नाही. पण त्याचीही हद्द आहे. भांडे उघडे असेल तर गरम पाण्याची वाफ बरीच उष्णता घेऊन जाते, म्हणून सुरुवातीचे बिंदू वक्राहून जास्त झपाट्याने खाली येतात. झाकण ठेवले की ते वक्रावर पुष्कळसे परततात. विद्यार्थ्याने हे निरीक्षण लिहिले तर त्याला गुण मिळतात का? बहुधा ‘बिंदू वक्रावर नाहीत’ म्हणून कापले जातात. मग पुढच्या वेळी तो आकडे वक्रावर बसतील असेच लिहितो, आणि प्रयोगवहीत खोटे लिहिण्याचा पहिला धडा तिथेच होतो.

प्रतिमानातून बाहेर आलेले उत्तर परत वास्तवात नेऊन ठेवणे, ही पायरी गाळण्याचा सर्वात प्रसिद्ध नमुना अमेरिकेतल्या 1983 च्या सुमाराच्या राष्ट्रीय चाचणीतला आहे. एका बसमध्ये 36 सैनिक बसतात. 1128 सैनिकांना किती बस लागतील? 13 वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 70 टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण सुमारे 29 टक्के मुलांचे उत्तर ‘31, बाकी 12’ असे होते. 32 लिहिणारे जेमतेम 23 टक्के. भागाकार शिकवण्यात कोणी कमी पडले नव्हते. बाकी उरलेले बारा सैनिक कुठे उभे आहेत, हे विचारायची सवय कुणी लावली नव्हती. याच प्रश्नाचा आलेख काढला तर तो पायऱ्यांचा येतो, आणि पायरीच्या टोकाला भरीव ठिपका की पोकळ, म्हणजे नेमक्या 36 सैनिकांना एक बस की दोन, हा प्रश्न उभा राहतो. दहा मिनिटांची चर्चा, पण अभ्यासक्रमातल्या कित्येक तासांहून मोलाची.

याच्याही अलीकडे एक प्रश्न असतो आणि तो परीक्षेत कधीच येत नाही: आलेखात कोणते बिंदू घेतलेच नाहीत? 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटून सात जण मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री अभियंत्यांची चर्चा झाली होती ती रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी (रिंगा) थंडीत टिकतील का यावर. तापमान आणि कड्यांची हानी यांचा संबंध तपासताना ज्या उड्डाणांत हानी झाली तेवढ्यांचाच विचार झाला. ते सात बिंदू थंडीतही होते, उबेतही होते. संबंध दिसत नव्हता. चौकशी आयोगाने नंतर हानी न झालेली उड्डाणेही त्याच आलेखात मांडली आणि चित्र पालटले: सुमारे 18 अंश सेल्सिअसच्या खाली झालेल्या चारही उड्डाणांत हानी, त्यावरच्या वीस उड्डाणांपैकी फक्त तिनांत. शून्य हानीचे बिंदू आडव्या अक्षावर पडून असतात, दिसायला काहीच सांगत नाहीत, म्हणून गाळले जातात. शिवाय त्या दिवशीचे तापमान शून्याच्या आसपास होते, आणि आधीचे सर्वात थंड उड्डाण सुमारे 12 अंशांचे. बिंदू जिथे संपतात त्याच्याही कितीतरी डावीकडे निर्णय घ्यायचा होता.

वर्तमानपत्री आलेखांविषयी थोडक्यात, कारण त्यावर बरेच लिहिले जाते आणि त्यातले काही अर्धवट असते. ‘अक्ष शून्यापासून सुरू नाही, म्हणजे फसवणूक’ हे स्तंभालेखापुरते खरे. तिथे डोळा लांबी मोजतो. 96 आणि 98 या किमती 95 पासून काढल्या तर एक स्तंभ दुसऱ्याच्या तिप्पट दिसतो. रेषालेखाला तो नियम लावला तर ज्वराचा तक्ता निरुपयोगी होईल: 10 सेमी उंच अक्षावर 0 ते 40 अंश बसवले तर 37 आणि 39 यांतले अंतर फक्त 5 मिमी. लघुगणकी प्रमाणाचे दुखणे वेगळे. 2020 मध्ये साथीचे आलेख घरोघरी पोचले, त्यांत 10, 100, 1000 समान अंतरावर होते. 10 आणि 100 यांच्या बरोबर मध्ये कोणती संख्या? बहुतेकांचे उत्तर 55. खरे उत्तर 32 च्या जरा अलीकडे. अशा आलेखात सरळ रेषा म्हणजे ठरावीक काळात ठरावीक पट वाढ, म्हणजे वेगाने फुगणारा आकडा. पाहणाऱ्याला मात्र ती शांत, संथ वाढ वाटली.

‘आता आलेख संगणकच काढतो, हाताने वाचायचे कशाला?’ हा आक्षेप नेहमी येतो. आम्हाला तो उलटा वाटतो. स्प्रेडशीटमध्ये 0, 1, 2, 5, 10 मिनिटांची निरीक्षणे भरून ‘लाइन’ प्रकारचा आलेख निवडला तर तो बहुतेक वेळा हे पाचही आकडे समान अंतरावर मांडतो, जणू ती नुसती नावे आहेत. निवणाऱ्या पाण्याचा वक्र त्यात उलट्याच बाजूला वाकलेला दिसू शकतो. ‘स्कॅटर’ निवडायला हवे होते, पण ते का, हे अक्षावर कधी हाताने प्रमाण न मांडलेल्याला कसे कळणार? गुळगुळीत वक्राने जोडायचा पर्याय निवडला तर 5, 0, 0, 5 या किमतींमधून जाणारी रेघ मध्ये शून्याखाली बुडते. उणे पाऊस, उणे प्रवासी. आणि सहा बिंदूंना पाचव्या घाताची बहुपदी बसवली तर ती प्रत्येक बिंदूतून जाते, वक्र बिंदूंवर किती बसला ते सांगणारा आर-वर्ग बरोबर 1 येतो, आणि शेवटच्या बिंदूच्या पुढे ती कुठेही भरकटू शकते. संगणक चूक करत नाही हे खरेच, पण सांगितले नाही तर अडवतही नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: असे प्रश्न तपासायचे कसे? लाखो उत्तरपत्रिका, हजारो तपासनीस. ‘प्रतिमान कुठे मोडते’ याला प्रत्येक जण वेगळे गुण देईल. ही भीती खोटी नाही. पण भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात उत्तराला मर्यादा ठेवून तपासणे जुनेच आहे, चढ अमुक ते तमुक यांत असला की गुण. गणिताला ते परके का असावे? प्रश्नाची बांधणी बंदिस्त ठेवली तर उत्तरेही फार पसरत नाहीत. टाकीचाच प्रश्न घ्या, पाच गुणांचा. वक्र छापून द्यायचा, काढायला लावायचा नाही. त्यात जाणारा वेळ वाचतो. सात मिनिटांनी पातळी किती? 41 ते 43.5 सेंमी मान्य, एककासह, एक गुण. 10 सेंमी पातळी आणि 90 सेंमी पातळी यांपैकी कोणत्या वेळेचे वाचन जास्त भरवशाचे आणि का? एक गुण, वक्र 90 पाशी जास्त उभा आहे एवढे म्हटले तरी पुरे. पहिल्या पाच मिनिटांवरून सरळ रेषेने टाकी रिकामी होण्याची वेळ काढा: एक गुण. ती प्रत्यक्ष वेळेपेक्षा कमी का आली? एक गुण. आणि शेवटचा: हा वक्र कोणत्या टप्प्यावर विश्वासार्ह राहणार नाही? ‘पाणी भोकाच्या पातळीला आल्यावर धार तुटून थेंब पडतात’ किंवा ‘टाकीत वरून पाणी पडत असेल तर’ किंवा असेच काही, जे पाण्याबद्दल आहे, आकड्यांबद्दल नाही, त्याला एक. तिसऱ्या उपप्रश्नात ज्याने 11.428571 मिनिटे लिहिले त्याचे उत्तर चूक धरू नये. पण ‘सुमारे साडेअकरा’ लिहिणाऱ्याचा गुण त्याच्यापेक्षा कमीही असू नये.